कोपऱ्यातल्या घड्याळाचं कुलूप

पाला
शनिवार, सकाळची प्रार्थना आटोपून

प्रिय निम्मी,

येशू मसिहाची स्तुती असो. तुझं पार्सल काल ढग भरून यायच्या आत पोचलं. आलेल्या वस्तू लिहिते, म्हणजे वाटेत काही गळलं असेल तर तुला कळेल. कॉफीची पूड एक पुडा, वास शाबूत. तू कागदावर छापून पाठवलेली कॉम्प्युटरच्या पडद्याची चित्रं, एक गठ्ठा, कोपरे दुमडलेले. कापसात गुंडाळलेला तो बटणाएवढा सेल. आणि टोमीने पार्सलात टाकलेला लोकरीचा स्वेटर. कॉफीबद्दल देव तुझं भलं करो. सेल मात्र इथे बसस्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडे वीस रुपयांना मिळतो, तू नुसत्या टपालालाच त्याहून जास्त घातलेस. पुढच्या वेळी आधी विचारत जा. टीव्ही दुरुस्त करणारा कुंजुमोन येऊन सेल बसवून गेला. त्याने चाळीस रुपये घेतले, चहा घेतला, आणि जाताना "पडलेलेच आहेत ना, अम्मच्ची" म्हणत दोन नारळही उचलले. स्वेटरचं काय करायचं ते कळेना. पाल्यात स्वेटर घालून मी कुठे जाऊ? चर्चला घालून गेले तर लोकांना वाटेल म्हातारीला हिवताप भरलाय. पण टोमीने तो का पाठवला ते मला कळतं, आणि तुलाही कळतं. बेंगळुरूच्या थंडीसाठी आहे तो.

नाताळला तुम्ही याल तेव्हा घर विकत घ्यायला म्हणून बघायला तो मुंडक्कयमचा रबरवाला येणार, हे टोमीने ठरवूनच टाकलं आहे. गेल्या महिन्यात निघताना गाडीची काच खाली करून तो काय म्हणाला ते तू ऐकलंस, तू शेजारीच बसली होतीस. त्याने कॉम्प्युटरचं घड्याळ लावून दिलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ते पुन्हा चुकलं होतं, त्याचा राग. "अम्मच्ची, तुला एक घड्याळ नीट ठेवता येत नाही, एवढं घर काय ठेवणार? ज्या दिवशी ते घड्याळ तू स्वतःच्या हाताने लावशील ना, त्या दिवसापासून मी घराचा विषय काढणार नाही, जा." हसत म्हणाला. पण त्याचे वडील, तुझे सासरे अप्पच्चन, तेही असेच हसत बोलायचे आणि बोललेलं पाळायचे. म्हणून मी ते थट्टेत घेतलं नाही. मनात ठेवून दिलं.

मुळात झालं काय, ते तुझ्या कामासाठी पुन्हा नीट लिहिते. तू बेंगळुरात वाढलीस, तुला इथली वीज माहीत नाही. दिवाळीच्या सुमारास तुलाम महिना लागला की जेवणं झाल्यावर डोंगरामागून गडगडायला लागतं, आणि घरोघरच्या बायका हातातलं काम टाकून प्लग उपटायला धावतात. टीव्ही, फ्रीज, मिक्सर, कॉम्प्युटर, टेलिफोनची तारसुद्धा. शेजारच्या ओमनाचेच्चीच्या घरी एका वर्षी विजेने टीव्ही फोडला, तेव्हापासून ती तर आभाळ निळं असलं तरी उपटते. मीही तेच करते, अप्पच्चन होते तेव्हापासून करते. आता तू लिहितेस की कॉम्प्युटरच्या पोटातला तो सेल मेला होता, आणि सेल मेला असताना प्लग काढला की कॉम्प्युटर आपलं वय विसरतो. म्हणजे मी रोज दुपारी त्याला विजेपासून वाचवत होते आणि रोज संध्याकाळी तो जन्माला आल्यासारखा उठत होता. हे मला सापडलं नसतं, आणि तू तिथे बसून विचारलं नसतंस तर तुलाही सापडलं नसतं. तू पत्रात विचारलंस, "अम्मच्ची, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवा," आणि मी उतरवलं, तेव्हा तुझ्या लक्षात आलं.

तोवर पडदा मला काय सांगत होता? की 'प्रमाणपत्राची मुदत अद्याप सुरू झालेली नाही.' आता तूच सांग, साध्या माणसाने ह्यातून काय समजावं? मी कपाटावरची ट्रंक काढून माझं मॅट्रिकचं प्रमाणपत्र बाहेर काढलं. मुदतीचं त्यावर काही नव्हतं. मग बाप्तिस्म्याचा दाखला काढला. ओमनाचेच्ची म्हणाली, "एलीचेच्ची, लग्नाचंही काढा, यंत्राला काय कमी-जास्त हवं असेल ते." आम्ही दोघी हसलो खूप, पण त्या रविवारी कॉम्प्युटरवरून तुमच्याशी होणारं बोलणं झालं नाही ते नाहीच. आणि टेलिफोनची तार मी उपटली होती ती परत लावायची राहून गेली, म्हणून टोमीचा फोनही लागला नाही.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण आमच्या बाजूने ठाऊक नाही. मी अंगणात कप्पाचे कंद सोलत बसले होते आणि वाटेने मोटारसायकलवरून खुद्द आपल्या चर्चचे पाद्री, विकार अच्चन आले, मागे चर्चचा सेवक कपियार बसलेला, हातात छत्री आणि प्रार्थनेचं पुस्तक. अच्चनांनी कुंपणाबाहेरूनच हाक मारली, "एलीचेच्ची, आहात का?" मी म्हटलं, "आहे की. काय झालं?" तर म्हणतात, "बेंगळुरूहून हुकूम आलाय, तुम्ही जिवंत आहात की नाही ते बघून कळवा." मी म्हटलं, "नसते तर कुत्रा कुणी बांधला असता, अच्चन?" कपियार तर हिरमुसलाच, तो मरणाऱ्याच्या कपाळी लावायचं तेलसुद्धा घेऊन आला होता. दोघांना कप्पा आणि मासळीचं कालवण वाढून पाठवलं. गावात अजून लोक मला विचारतात, "काय एलीचेच्ची, आज आहात ना?"

टोमीला मात्र ह्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अप्पच्चन रबराच्या मळ्यात पडले तेव्हा टोमी परगावी होता, आणि फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तेव्हापासून न उचललेल्या फोनचं त्याला एकच कारण दिसतं. म्हणूनच त्याने कॉम्प्युटर आणून दिला. म्हणूनच त्याने तुला सांगून आतल्या सगळ्या सेटिंगला कुलूप लावून घेतलं, की अम्मच्चीचा हात कुठे लागून बिघडायला नको. मुलगा काळजीने दार बाहेरून लावून गेला, आणि आत धूर झाला. धूर झाला ह्यात त्याचा दोष नाही. पण दार आतून उघडता यायला हवं की नको?

आता तुझ्या चित्रांबद्दल. ही सेटिंगची पानं तुझ्या ऑफिसात बनतात, आणि तू लिहिलंस की तुमचे वरचे साहेब म्हणतात, घरातल्या माणसांना ही सेटिंग दाखवायचीच कशाला, सगळ्यांवर झाकण घाला. आणि तुझं म्हणणं, झाकण नको, कळेल अशी करूया. म्हणून तू म्हणालीस, कागदावरच बोट ठेवा, कुठे दाबाल आणि कुठे घाबराल ते लिहा. मी आणि ओमनाचेच्ची दोघी बसलो. ती अंगणवाडीत शिकवायची, तिला कागद वाचायची सवय आहे. पहिल्याच चित्रावर 'प्रणाली संरूपण' असं मोठ्या अक्षरात. ओमनाचेच्चीने चष्मा वर केला आणि म्हणाली, "हे पत्रिका जुळवायचं आहे का?" तिथे 'ह्या कॉम्प्युटरची मांडणी' असं लिहिलंस तर आम्ही आत तरी येऊ. मग खाली तीन बटणं: 'ठीक आहे', 'लागू करा', 'रद्द करा'. 'रद्द' कळलं. पण 'ठीक आहे' आणि 'लागू करा' ह्यात फरक काय, ह्यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी ओमनाचेच्चीने निकाल दिला, "एक साखरपुडा, दुसरं लग्न." कुठलं साखरपुड्याचं ते मात्र तिलाही सांगता आलं नाही. एकच बटण ठेव पोरी, लग्नाचंच.

वेळेच्या चित्रात जगातल्या गावांची यादी आहे, त्यातून आपलं गाव निवडायचं. मी कोची शोधलं, नाही. तिरुवनंतपुरम शोधलं, नाही. चेन्नई, मुंबई, दिल्लीसुद्धा नाही. सबंध देशात एकच गाव, कोलकाता. ओमनाचेच्ची म्हणाली, "कोलकात्यात आपलं कोण आहे?" मी म्हटलं, कुणी नाही, आणि आम्ही पुढे गेलो. तू म्हणशील तेच निवडायचं होतं. असेल, पण मग शेजारी 'सगळा भारत' असं लिहायला शाईचा एक थेंबही लागणार नाही. आणि ते लाल त्रिकोणाचं चित्र, 'चुकीचा बदल केल्यास प्रणाली निकामी होऊ शकते', ते दिसलं की मी कपाळावर क्रूस करते आणि बंद करते. सगळ्या बायका तेच करतील. त्याऐवजी काय होईल ते सांगा, आणि चुकलं तर परत कसं फिरायचं तेही सांगा. कालवणात मीठ जास्त पडलं तर नारळाचं दूध घाल, हे मी तुला मीठ घालण्याआधीच सांगितलं होतं ना? म्हणून तू कधी मिठाला घाबरली नाहीस. प्रत्येक पानावर 'होतं तसं करा' असं एक बटण ठेव. माणूस चुकीला घाबरत नाही, न सुधारणाऱ्या चुकीला घाबरतो. पाद्रीबाबांकडे पापांची कबुली द्यायला आपण जातो तेही त्याच भरवशावर.

आणि प्रमाणपत्राचं ते वाक्य तर काढूनच टाक. त्याजागी सरळ लिही, 'ह्या कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं आहे, म्हणून फोन लागत नाही. घड्याळ लावायचं का?' एवढं दिसलं असतं तर अच्चनांचं पेट्रोल वाचलं असतं.

हे सगळं लिहिताना मला तुझी इथली पहिली सकाळ आठवत होती. तू स्वयंपाकघरात येऊन मांडणीवरचे डबे बघत उभी राहिलीस. सगळे डबे एकसारखे, बाळाच्या दुधाच्या पावडरचे, टोमी तान्हा होता तेव्हापासूनचे. कशात काय ते फक्त मला माहीत. तू विचारलंस आणि मी म्हटलं, "हळूहळू कळेल." दुपारी मी झोपले असताना तू प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलीस, 'मिरी', 'मोहरी', 'साखर', 'साखरेसारखं दिसणारं मीठ'. ते शेवटचं वाचून अप्पच्चन इतके हसले की त्यांना ठसका लागला. मला तेव्हा ते आवडलं नव्हतं, माझ्या घरात मला कसली चिठ्ठी. पण तुम्ही गेल्यावर एके दिवशी मला ताप होता आणि अप्पच्चनांनी स्वतः भाताची कंजी केली, त्यात मीठही बरोबर आणि जिरंही. माझ्या संसारात पहिल्यांदा. त्या चिठ्ठ्या अजून तिथेच आहेत, एक-दोन मी पुन्हा डकवल्या. ज्याला आधीच सगळं माहीत असतं त्याने मांडलेले डबे दुसऱ्याला उघडता येत नाहीत. तुझे साहेब म्हणजे तेव्हाची मी. त्यांना हे माझ्या नावाने सांगितलंस तरी चालेल.

एक गोष्ट मात्र मी त्या कागदांवर लिहिली नाही, ती इथे लिहिते. कोपऱ्यातलं घड्याळ चुकीचं आहे हे मला तू विचारायच्या आधीपासून दिसत होतं. एक जानेवारी, दोन हजार दोन. दिवे लागणीला प्लग लावला की रोज तीच तारीख. पहिल्यांदा दिसली तेव्हा मी पदराने काच पुसली, वाटलं डाग असेल. मग आठवलं, त्या सालच्या एक जानेवारीला टोमी कॉलेजातून सुट्टीवर आला होता, आणि बापलेक दोघे मुंडू वर खोचून अंगणात मिरी पसरत होते. मी तांदळाच्या पिठाचा पुट्टू वाफवत होते आणि आतून ओरडत होते, गरम आहे तोवर या, आणि दोघेही येत नव्हते. यंत्र रोज संध्याकाळी मला त्या अंगणात नेऊन उभं करायचं. बिघाड असेल असं वाटलं नाही ग मला. यंत्राला काय आठवायचं ते ते आठवतंय, असं वाटलं. जपमाळ घेऊन मी त्याच्यासमोर बसत असे आणि तारखेकडे बघून अप्पच्चनांसाठी एक प्रार्थना जास्त म्हणत असे.

पण त्या तारखेत टोमी माझ्याशी बोलू शकत नाही. हेही मला आता कळलं आहे. त्या सालात राहिलं तर ह्या सालातलं कुणी हाक ऐकत नाही. म्हणून घड्याळ मला लावायचंच आहे.

काल कुंजुमोनने पेटी उघडली तेव्हा म्हणाला, "अम्मच्ची, आत कोळ्यांची वसाहत आहे, भाडं घेता की नाही?" सेल बसवला, पेटी बंद केली, चालू केली. कोपऱ्यात तीच तारीख. तू लिहिलंच होतंस की सेल पुढचं विसरू देणार नाही, पण आजची तारीख एकदा हाताने सांगावी लागेल. म्हणून मी तारखेवर दाबलं. चित्र आलं. महिना, वर्ष, सगळं दिसतंय, पण राखेसारखं फिकं, आणि बाजूला छोटं कुलूप. कुलपावर दाबलं तर 'प्रशासकाचा परवलीचा शब्द द्या.' कुंजुमोनने विचारलं, "तुमच्या घरात प्रशासक कोण?" अप्पच्चन होते तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि गेल्यावर विचारायचं कुणाला सुचलं नाही. तो म्हणाला, "कशाला विचारत बसता, मी सगळं पुसून नवं घालून देतो, कुलूपच राहणार नाही. दोनशे रुपये." मी म्हटलं, "माझ्याच घरात मी कुलूप फोडून का शिरू?" त्याला ते कळलं नाही. नारळ घेऊन गेला.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर न पाठवता तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, ते चित्रांसाठी नाही. ते कुलूप टोमीने लावायला सांगितलं, पण लावलंस तू, तेव्हा तो शब्द तुला माहीत आहे. तिथून येऊन दुरुस्त करू नकोस, फोनवरून टोमीला करायला लावू नकोस, मला तो शब्द दे. टोमीपासून लपव असं मी सांगत नाही, त्याने विचारलं तर खरं सांग, पण त्याने विचारायच्या आधी मला दे. मिळाला की रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर मी घड्याळ लावीन, कोलकाताच निवडीन, आणि तुम्हाला हाक मारीन. तुम्ही नाही, मी. टोमीला पडद्यासमोर बसव आणि काही सांगू नकोस. मग मी तो शब्द बदलणार आहे, आणि नवा तुलाही सांगणार नाही. घाबरू नकोस, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे घराची किल्ली असते ती टोमीला माहीत आहे, तिथेच एका चिठ्ठीवर लिहून ठेवीन. ज्या दिवशी मी खरोखरच फोन उचलणार नाही, त्या दिवशी त्याला लागेल. तोवर ह्या घराचा प्रशासक कोण, ते कुंजुमोनला सांगायला मला तोंड हवं. स्वेटर जपून ठेवला आहे, तुमच्याकडे पाहुणी म्हणून येईन तेव्हा घालीन. शब्द स्पष्ट अक्षरात लिही, मोठी अक्षरं कुठली आणि छोटी कुठली तेही लिही, आणि हे पत्र हाती पडेल त्याच दिवशी उलट टपाली धाड. पोस्टमन इथे ढग भरायच्या आत येतो, मी फाटकाशीच असेन.

तुझीच,
अम्मच्ची